गोळी सुरू करण्याआधी चहा मोजा

मला छत्तिसाव्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी टिकू न देणाऱ्या विकाराचं, निदान झालं. डॉक्टरांनी त्यासाठीचं मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध लिहून दिलं. भूक मंदावेल, तोंडाला कोरड पडेल, झोपेकडे लक्ष ठेवा, असं सगळं नीट सांगितलं आणि शेवटी विचारलं, "चहा-कॉफी किती?" मी म्हटलं, "दोन-तीन कप." खोटं बोलायचा हेतू नव्हता. मला खरंच तेवढाच वाटत होता.

गोळीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, मीटिंग चालू असताना छातीत धडधडायला लागलं. तळहात ओले, बोटं बारीक थरथरताहेत आणि डोक्यात एकच विचार: ही गोळी आपल्याला मानवत नाही. घरी येऊन स्ट्रिप कपाटात टाकली ती चार दिवस काढलीच नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्या दिवशी पोटात काय काय गेलं ते सकाळपासून क्रमानं वदवून घेतलं. उठल्यावर मगभर चहा. नाश्त्याबरोबर अर्धा. ऑफिसात पोचल्यावर मशीनची कॉफी. अकराला टपरीवर कटिंग. जेवण नाही, कारण भूकच नव्हती. त्याऐवजी आणखी एक कॉफी. आणि डोकं जड झालं म्हणून दोन वाजता डोकेदुखीची एक गोळी, जिच्यात कॅफीन असतं हे मला तिथं खुर्चीत बसल्यावर कळलं.

डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला गोळीबद्दल अजून काहीच कळलेलं नाही."

हा लेख ज्यांच्या हातात पहिली स्ट्रिप नुकतीच पडलीय त्यांच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. डोस, गोळीचा प्रकार, घ्यायची की नाही, हे तुमचे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. पण चहाचा हिशोब तुमच्या स्वयंपाकघरात होतो आणि तो तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही.

आधी थोडं, आत काय चालतं ते

मिथाइलफेनिडेट काही आजकालचं खूळ नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञानं ते १९४४ मध्ये बनवलं आणि बायकोच्या रीटा या नावावरून त्याला 'रिटालिन' म्हटलं. मेंदूत डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं काम झालं की परत ओढून घेतली जातात. ही गोळी त्या मोरीला बोळा लावते. पाणी तेवढंच, पण थोडा वेळ साचून राहतं.

कॅफीनची तऱ्हा वेगळी. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जातं आणि ते आपल्या ठरलेल्या जागेवर जाऊन बसलं की झोप यायला लागते. कॅफीन त्या जागेवर, एसटीच्या सीटवर टाकतात तसा, रुमाल टाकून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन गाडीत चढतं, पण बसायला जागा नाही. उभं राहतं. रुमाल निघाला की उभे असलेले सगळे एकदम बसतात. संध्याकाळी माणूस अचानक गळून जातो तो त्यामुळे.

दोघांचा निचराही वेगळ्या वाटेनं होतो. मिथाइलफेनिडेटचं विघटन एक एन्झाइम करतं, कॅफीनचं यकृतातलं दुसरंच. त्यामुळे चहा प्यायल्यानं गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं वगैरे जे लोक सांगतात, ते तसं नसतं. वाढतो तो परिणाम. दोन्ही गोष्टी नाडी वाढवतात, दोन्ही रक्तदाब थोडा वर नेतात, दोन्ही झोप उडवतात, दोन्ही भूक मारतात, दोन्हींनी जीव घाबरा होऊ शकतो. मिथाइलफेनिडेटनं एकट्यानं सरासरी नाडी मिनिटाला ३ ते ६ ठोक्यांनी आणि रक्तदाब २ ते ४ अंकांनी वाढतो. सरासरी म्हणजे कुणाचा काहीच नाही आणि कुणाचा बराच. त्यावर चहाचा थर किती, हे माहीत नसेल तर काय कशामुळे झालं ते सांगता येत नाही.

पहिलं काम: आठवडाभर फक्त मोजायचं

शक्य असेल तर गोळी सुरू करण्याच्या आधीचा आठवडा यासाठी ठेवा. काही कमी करायचं नाही. नेहमीसारखं प्यायचं, फक्त लिहायचं.

आणि कप मोजू नका, चमचे मोजा. कपावर काही कळत नाही. टपरीचा कटिंग म्हणजे घोटभर, आमच्या घरचा मग म्हणजे लोटा. कॅफीन येतं ते चहापुडीतून. कोरड्या चहापुडीच्या वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असतं आणि आपण ती पुडी पातेल्यात घालून खळाखळा उकळतो, त्यामुळे त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. किटलीतल्या गरम पाण्यात पिशवी दोन मिनिटं बुडवणाऱ्यांचे आकडे आपल्याला लागू नाहीत.

मी किचनमधल्या वजनकाट्यावर आमच्या डब्यातला चमचा तोलून पाहिला. सपाट भरला तर दोन ग्रॅम. शीग लावून भरला तर साडेतीनच्या जवळ. सासूबाई सकाळी दोन मगांसाठी तीन शिगेचे चमचे घालतात. म्हणजे दहा ग्रॅम पूड, तीन टक्क्यांनी ३०० मिलिग्रॅम. थोडं चोथ्यात राहिलं असं धरलं तरी माझ्या वाट्याला शंभराच्या वर. आणि हा दिवसाचा पहिला 'एक कप'.

ताडून पाहायला आकडे हवे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत ते आहेत: १५० मिलिलिटरच्या कपात चहा असेल तर ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफी ५० ते ६५, बियांपासून काढलेली कॉफी ८० ते १२०. दिवसाची मर्यादा त्यांनी ३०० सांगितली आहे. अमेरिका आणि युरोपातल्या यंत्रणा निरोगी प्रौढाला ४०० पर्यंत चालेल म्हणतात. लक्षात घ्या, हे आकडे कुठलंही उत्तेजक औषध न घेणाऱ्या माणसाचे आहेत. गोळी घेणाऱ्यानं ते स्वतःची मुभा म्हणून वाचू नयेत. मला डॉक्टरांनी २०० च्या आत राहायला सांगितलं. तुम्हाला वेगळं सांगतील, कदाचित काही आठवडे पूर्ण बंदही करायला सांगतील.

मोजताना फसवणाऱ्या काही गोष्टी:

गुळाचा चहा. साखर बदलली, पूड तीच. गवती चहा. नुसत्या पातीचा काढा असेल तर कॅफीन शून्य, पण आपल्याकडे गवती चहा म्हणजे नेहमीच्या चहात पात टाकलेली असते. ग्रीन टीत कॅफीन असतं, काळ्या चहापेक्षा सहसा कमी. फिल्टर कॉफीत चिकोरी जितकी जास्त तितकं कॅफीन कमी, कारण चिकोरीत कॅफीन नसतं. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. टपरीचं पातेलं दिवसभर चढलेलं असतं, त्यात नवी पूड पडत राहते, सकाळी सातचा आणि दुपारी चारचा कटिंग सारखा नसतो. मी कटिंगला सरसकट चाळीस धरते. चूक असेल, पण रोज तीच चूक असते आणि आपल्याला तेवढं पुरतं.

दुसरं काम: छुपं कॅफीन शोधायचं

डोकेदुखीच्या गोळ्या आधी बघा. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉलबरोबर कॅफीन असतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत कॅफीन आणि शिवाय फेनिलएफ्रिन असतं; नाक मोकळं करणारं हे औषध रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे रक्तदाबाच्या पारड्यात आणखी एक वजन. अर्धशिशीच्या काही गोळ्यांत एर्गोटामिन आणि कॅफीन एकत्र असतं. तेही रक्तवाहिन्या आकसवणारं, त्यामुळे ती गोळी मिथाइलफेनिडेटबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. चष्मा लागला तरी चालेल.

एनर्जी ड्रिंकबद्दल फार बोलत नाही. भारतात अशा पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. एका कडक चहाइतकंच. मग गोंधळ कुठे होतो? ते थंड असतं, गोड असतं, दोन मिनिटांत संपतं आणि वर दुसरा कॅन उघडला जातो. जिममध्ये व्यायामाआधी घ्यायच्या पावडरी मात्र जास्त बेरकी. एका स्कूपमध्ये १५० ते ३०० मिलिग्रॅम सहज असतं आणि त्यानंतर तुम्ही वजनं उचलायला जाता. गोळी चालू असताना ती पावडर बंद, हे मी स्वतःच्या अधिकारात सांगते आणि तुमचे डॉक्टर माझ्याशी वाद घालतील असं वाटत नाही.

काही औषधं कॅफीनला शरीरात जास्त वेळ थांबवतात. मंत्रचळासाठी म्हणजे ओसीडीसाठी दिलं जाणारं फ्लुवॉक्झामिन, जंतुसंसर्गावरचं सिप्रोफ्लॉक्सासिन, गर्भनिरोधक गोळ्या. तुमचा नेहमीचा दोन कप चहा अशा वेळी चार कपांसारखा वागतो. दम्यासाठी डेरिफायलीन घेणाऱ्यांनी तर नक्की सांगावं, कारण त्यातलं थिओफायलिन हे कॅफीनचं सख्खं चुलतभावंड आहे. उलट सिगारेट ओढणाऱ्यांचं कॅफीन लवकर संपतं. सिगारेट सोडली की तोच चहा अचानक चढायला लागतो. सिगारेट सोडणं आणि गोळी सुरू करणं एकाच महिन्यात आलं तर हे ध्यानात असू द्या.

तिसरं काम: डॉक्टरांना काय सांगायचं

आठवड्याचा कागद घेऊन जा आणि चहाशिवाय एवढं न विसरता सांगा: रक्तदाब आहे का, कधी चक्कर येऊन पडलात का, हृदयाचे ठोके चुकतात असं कुणी सांगितलंय का, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं का, काचबिंदू आहे का, थायरॉइड आहे का, पॅनिक अटॅक येतात का. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर तेही. गरोदरपणात कॅफीनचा निचरा फार मंदावतो आणि मर्यादा २०० वर येते.

चिठ्ठीबद्दल. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत मोडतं, शिवाय अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. पाकिटावर लाल अक्षरांत तशी खूण असते. प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, त्यातली एक केमिस्ट दोन वर्षं जपून ठेवतो. सगळे केमिस्ट ते ठेवत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दोन गोळ्या उरेपर्यंत थांबू नका. एका दुकानात माझ्याकडे असं बघितलं गेलं की जणू मी काहीतरी चोरायला आलेय. जाऊ दे. मुद्दा असा की ही गोळी कुणाला द्यायची नाही, कुणाची घ्यायची नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत परीक्षेच्या महिन्यात चहाचे थर्मास, एनर्जी ड्रिंक आणि 'मित्राकडची एक गोळी' हा मेळ जमायला वेळ लागत नाही. ज्या मुलाला ही गोळी लिहून दिलेली नाही त्याचं हृदय कुणी तपासलेलं नसतं. कायद्याची भानगड वेगळीच.

चौथं काम: गोळी सुरू करताना चहा आहे तिथंच ठेवायचा

इथं बहुतेक जण चुकतात आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण माझ्यासारखे, चहा चालूच ठेवतात आणि वर जेवणाऐवजीही पितात. काही जण एकदम शहाणे होतात: सोमवारपासून गोळी, सोमवारपासून चहा बंद. मंगळवारी कपाळ ठणकतं, चिडचिड होते, अंगात त्राण नसतं, आणि दोष जातो गोळीला. खरं तर ती चहा तुटल्याची लक्षणं असतात. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतात, एक-दोन दिवसांत शिगेला पोचतात, आठवडाभरही रेंगाळतात.

एका वेळी एकच गोष्ट हलवायची. चहा जास्त असेल तर तो आधी उतरवा, दर तीन-चार दिवसांनी पाव हिस्सा. मी कपांची संख्या तशीच ठेवली आणि पातेल्यात पडणारी पूड कमी केली. शिगेचा चमचा सपाट केला, मग तिनाचे दोन केले. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हा काय पाणचट!" आठवड्यानं त्यांनाही सवय झाली, आणि आता बाहेरचा चहा कडू लागतो अशी तक्रार करतात. आलं, वेलची, गवती चहाची पात वाढवली की जिभेची समजूत निघते.

उतरवून झालं की तो आकडा गोठवा. समजा दिवसाला १५० आला. मग गोळी सुरू करा आणि डॉक्टर डोस ठरवत असतील तेवढे आठवडे १५० म्हणजे १५०. रविवारी पाहुणे आले म्हणून ३०० नाही, एकादशीला शून्य नाही. डॉक्टर सहसा कमी डोसापासून सुरुवात करून हळूहळू वर नेतात. दर पायरीला ते विचारतात, काय फरक पडला? चहा रोज बदलत असेल तर तुमचं उत्तर चहाचं असतं, गोळीचं नसतं.

पाहुणचाराचं काय, हा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणण्यासारखं. "घोटभर तरी घे" पुढे "माझी औषधं चालू आहेत" असं म्हटलं की पुढचा अर्धा तास कसली औषधं यावर जातो. मी सरळ "ताक आहे का?" विचारते. कोकम सरबतही चालतं. कुणाचं मन मोडत नाही आणि ताक मागणाऱ्या सुनेबद्दल उलट बरं बोललं जातं.

पाचवं काम: दिवसाची आखणी

आधी खा. पोहे, उपमा, भाकरी, अंडं, काय असेल ते. पोटभर. गोळी लागू झाली की दुपारची भूक जाते, त्यामुळे सकाळचं ताट हेच दिवसाचं मोठं ताट समजायचं. चहा जेवणाला चिकटून नको, तासभर अंतर ठेवा; त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि कमी खाणाऱ्याला ते परवडत नाही.

उपासाच्या दिवशी विशेष सांभाळायचं. नवरात्रात किंवा एकादशीला चहा 'चालतो', म्हणून दिवस चहावरच निघतो. एरवी पोटात कावळे ओरडून आठवण करून देतात. गोळी असताना ते कावळे गप्प असतात. संध्याकाळी पाचला लक्षात येतं की सकाळपासून तीन चहा आणि चार शेंगदाणे एवढंच गेलंय, आणि हात कापताहेत. उपास करायचाच असेल तर गोळीच्या आधी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, दुपारी राजगिऱ्याचं काहीतरी, असं घड्याळ लावून खा. निर्जळी करायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता तो नेहमीचा सल्ला: गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा. मला तो अर्धवट वाटतो. साध्या, लगेच विरघळणाऱ्या गोळीचा असर तीन-चार तास असतो, तिथं त्याच्या ऐन भरात कडक कॉफी न पिण्यात अर्थ आहे. पण औषध हळूहळू सोडणारी एसआर गोळी आठ तासांच्या आसपास चालते, कॉन्सर्टा नावाची तशीच गोळी बारा तासांपर्यंत. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. यांना दोन तासांनी वेगळं करता येत नाही, ते दिवसभर एकाच घरात नांदणार. त्यापेक्षा एकूण किती आणि शेवटचा कप किती वाजता, या दोन गोष्टी धरून ठेवा. (जाता जाता: लांब पल्ल्याच्या गोळ्या चावायच्या, चुरायच्या नाहीत. कॉन्सर्टाचं रिकामं कवच शौचातून आख्खं बाहेर पडलेलं दिसलं तर घाबरू नका, औषध शरीरात गेलेलं असतं.)

शेवटचा कप. पाच वाजता शंभर मिलिग्रॅम गेलं तर रात्री दहाला पन्नास आणि पहाटे तीनला पंचवीस शिल्लक. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननं झोप तासाहून जास्त कमी झाल्याचं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. गोष्ट अशी की नेमकी चार-पाचलाच गोळी उतरायला लागते. लक्ष भरकटतं, चिडचिड होते, मुलांवर आवाज चढतो, आणि हात आपोआप पातेल्याकडे जातो. त्या चहानं रात्र जाते. अपुऱ्या झोपेनं सकाळी गोळी कमी पडल्यासारखी वाटते, म्हणून सकाळचा चहा वाढतो. मी दोन महिने या घाण्याला फिरले. शेवटी दुपारी एकनंतर चहा बंद केला, पाचला पोटभर खायला सुरुवात केली, आणि उतरणीची चिडचिड अर्ध्यावर आली. भूक होती ती. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ किंवा प्रकार बदलता येतो, तो त्यांचा प्रांत.

नाडी आणि रक्तदाब

घरी दंडाला बांधायचं मशीन असेल तर उत्तम. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, त्याआधी अर्धा तास चहा नको, दोनदा मोजा, दोन्ही लिहा. गोळी सुरू करण्याआधी तीन-चार दिवसांचे आकडे हवेत, नाहीतर नंतरचे कशाशी ताडणार? मशीन नसेल तर मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण मिनिट नाडी मोजा. शांत बसलेलं असताना नाडी वारंवार १०० च्या वर किंवा रक्तदाब वारंवार १४०/९० च्या वर दिसला तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करा. दर दहा मिनिटांनी मात्र मोजत बसू नका. मी बसले होते. मोजण्याच्या भीतीनंच नाडी चढते.

छातीत दुखणं, दम लागणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळणं, ठोके वेडेवाकडे पडणं, यांतलं काही झालं तर चहा की गोळी हा विचार करत बसायचं नाही. १०८ ला फोन, थेट दवाखाना, आणि काय किती वाजता घेतलं ते तिथल्या डॉक्टरांना सांगायचं. भास होणं, भलतेच संशय येणं, दोन-दोन रात्री झोप नसून उत्साह ऊतू जाणं, हेही तितकंच तातडीचं. लगेच आपल्या डॉक्टरांना गाठा. ते भेटत नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

मुलांसाठी आणि परदेशातल्यांसाठी थोडं वेगळं

गोळी मुलाची असेल तर मुलाला चहा नकोच. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेचा हिशोब वजनाच्या किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅमचा आहे. वीस किलोच्या मुलाला ६०, म्हणजे एनर्जी ड्रिंकचा एक कॅन त्याच्या बाहेर. कॅनवर 'मुलांसाठी नाही' असं छापलेलंच असतं. आजी-आजोबांनाही सांगून ठेवा, कारण बशीतला दूध-चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट त्यांच्या हिशोबात चहा नसतोच.

अमेरिकेत राहणाऱ्यांना बऱ्याचदा अ‍ॅडरॉल किंवा व्हायव्हान्स दिलं जातं. ती अ‍ॅम्फेटामाइनच्या कुळातली औषधं, इथल्या केमिस्टकडे मिळत नाहीत. त्यांचा निचरा लघवीच्या आम्लतेवर अवलंबून असतो: क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनं ती लवकर निघून जातात, तर ॲसिडिटीसाठी घेतलेल्या खाण्याच्या सोड्यानं जास्त वेळ थांबतात. म्हणजे तिकडे रिकाम्या पोटी कॉफी, मग जळजळ, मग सोडा, अशी साखळी झाली तर औषधाचाच परिणाम वाढतो. तिथला कॉफीचा मोठा कपही आपल्या कपाच्या मापाचा नसतो, त्यात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असू शकतं. सुट्टीला भारतात येताना औषध मूळ बाटलीत, प्रिस्क्रिप्शनच्या प्रतीसह ठेवा आणि निघण्याआधी नियम तपासा, कारण अ‍ॅम्फेटामाइन इथं एनडीपीएस कायद्याखाली येतं.

पुढच्या भेटीला न्यायचा कागद

अ‍ॅप वगैरे काही लागत नाही. निदान माझ्याच्यानं अ‍ॅप भरलं गेलं नाही. एडीएचडीवाल्या माणसाला रोज न विसरता अ‍ॅप भरायला सांगणं हा विनोदच आहे. मी फ्रिजवर चुंबकानं एक कागद लावला आणि दोरीनं पेन बांधलं. ओळी अशा होत्या:

"सोम. गोळी ८.१०, पोहे खाऊन. चहा ७ वाजता, सपाट दीड चमचा. कॉफी ११ ला, एक. जेवण अर्धं. नाडी दुपारी ८४. साडेचारला चिडचिड, थालीपीठ खाल्लं, बरं. झोप ११.२०."

"मंगळ. गोळी ८.३०. चहा तोच. कॉफी दोन, मीटिंग होती. जेवण नाही. नाडी ९८. झोप १.४५."

"बुध. गोळी ८.१५. चहा तोच. कॉफी नाही. जेवण झालं. नाडी ८२. झोप ११."

तीन आठवड्यांचे असे तीन कागद मी पुढे सरकवले. डॉक्टरांनी मंगळवारांखाली पेन्सिलीनं रेघा ओढल्या, दोन मिनिटं वाचलं आणि डोस तसाच ठेवला.